कुवेतची मजलिस: प्रश्न विचारा, पण सरकार पाडू नका

साल्मियाकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, “आखातात सगळीकडे शेखांचं राज्य. तिथे कसली संसद आणि कसली कोर्टं!” तिथेच उत्तर लिहायला बसले असते तर त्या बिचाऱ्या बिर्याणीच्या धाग्याचं वाटोळं झालं असतं. म्हणून हा वेगळा.

मी चौदा वर्षं कुवेतमध्ये काढली. साल्मियात घर, शर्कमध्ये ऑफिस, काम हिशेबाचं. ऑफिसात एक कुवेती बाई होत्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. २००६ साली तिथल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, त्यात या होत्या. मजलिसबद्दल, म्हणजे तिथल्या संसदेबद्दल, मला जे कळलं त्यातलं निम्मं जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून, उरलेलं घटना वाचून. हो, वाचली. १८३ कलमं आहेत, आपल्यापेक्षा पुष्कळच आटोपशीर.

इतिहास थोडक्यात. १९६१ च्या जूनमध्ये ब्रिटिशांशी असलेला १८९९ चा करार संपला आणि कुवेत स्वतंत्र झालं. तेव्हाचे अमीर (म्हणजे तिथले राज्यप्रमुख) शेख अब्दुल्ला अल-सालेम यांनी घटना लिहायला निवडून आलेली सभा बसवली. ११ नोव्हेंबर १९६२ ला घटना जाहीर झाली आणि २९ जानेवारी १९६३ ला पहिली मजलिस भरली. पण हे आकाशातून पडलं नव्हतं. १९३८ सालीच व्यापारी घराण्यांनी रेटा लावून चौदा जणांची मजलिस निवडली होती. तिचे अध्यक्ष कोण, तर हेच अब्दुल्ला अल-सालेम. सहा महिन्यांत ती गुंडाळली गेली. म्हणजे मजलिस भरवणं आणि मोडणं या दोन्ही परंपरा तिथे एकाच वर्षी सुरू झाल्या म्हणायच्या.

आता गाडा चालायचा कसा ते. (चालायचा, कारण १० मे २०२४ ला मजलिस बरखास्त झाली आणि घटनेची काही कलमं तहकूब झाली. खालचं सगळं त्याआधीचं.) मजलिस अल-उम्मामध्ये पन्नास सभासद लोकांनी निवडलेले, मुदत चार वर्षं. मंत्री अमीर नेमतात आणि मंत्र्यांची संख्या सभासदांच्या एक तृतीयांशाहून जास्त असता कामा नये, म्हणजे कमाल सोळा. गंमत इथेच आहे. जे मंत्री निवडून आलेले नसायचे तेही पदामुळे मजलिसचे सभासद व्हायचे आणि मतदान करायचे! ५० निवडलेले आणि त्यांच्यात बसलेला पंधरा-सोळांचा एकगठ्ठा सरकारी गट. राजकीय पक्षांना कायद्यात जागाच नाही, त्यामुळे ते ५० जण ५० दिशांना. कुणी टोळीच्या जोरावर आलेला, कुणी धार्मिक गटाचा, कुणी उदारमतवादी, कुणी फक्त ‘तुमच्या मुलाला सरकारी नोकरी लावतो’वाला. अशा घरात पंधरा एकसंध मतांची किंमत किती, ते आपल्या महापालिकांच्या अपक्षांचं राजकारण पाहिलेल्याला सांगायला नको.

२०२० च्या डिसेंबरात सभापतीची निवडणूक झाली. निवडून आलेल्यांतल्या बहुसंख्यांनी बद्र अल-हुमैदी यांना पाठिंबा जाहीर केला होता. पेट्या उघडल्या तर मरझूक अल-घानिम ३३, हुमैदी २८. दुसऱ्या दिवशी आमच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, “आम्ही निवडतो, ते बसवतात.”

मात्र हीच मजलिस मंत्र्यांना घाम फोडायची. त्याचं नाव ‘इस्तिज्वाब’. कलम १०० प्रमाणे एकटा सभासदसुद्धा मंत्र्याला जाब विचारायला उभा करू शकतो. तासन्‌तास चालायचं, कागद फडफडवले जायचे, टीव्हीवर दिसायचं. त्यानंतर दहा सभासदांनी मागणी केली की सात दिवसांनी मंत्र्यावर अविश्वासाचं मतदान. या मतदानात मात्र मंत्र्यांना मत नाही. म्हणून बहुतेक मंत्री मोजदाद होण्याआधीच राजीनामा देऊन मोकळे व्हायचे.

पंतप्रधानांचं काय? त्यांच्यावर अविश्वास ठराव नाहीच. मजलिसने फार तर ‘यांच्याशी सहकार्य होऊ शकत नाही’ असं म्हणायचं. मग कलम १०२ प्रमाणे अमीर ठरवणार, पंतप्रधान बदलायचा की मजलिसच बरखास्त करायची. तक्रार करणाऱ्यालाच घराबाहेर काढायची सोय कलमातच आहे. कुवेतच्या साठ वर्षांच्या राजकारणाची मेख मला या एका कलमात दिसते. विचारण्याचा हक्क पूर्ण, बदलण्याचा हक्क नाही. मग माणूस विचारतच राहतो, अधिकाधिक मोठ्या आवाजात, आणि समोरचा एक दिवस वैतागून दार लावून घेतो.

कोर्टांबद्दल प्रतिसादांत लिहिते. हात दुखला.

बोकोबा

वाचनखूण साठवली. बिर्याणीचा धागा वाचवल्याबद्दल विशेष आभार.

मी_शंकेखोर

चांगलं लिहिलंय, पण एक शंका. अमीर निवडण्यात मजलिसला काही बोलता येतं का? की बाप गेला, मुलगा बसला?

साल्मियाकर

बाप-मुलगा असं नाही. गादी मुबारक अल-सबाह यांच्या वंशातच राहते (कलम ४), पण नवे अमीर गादीवर आले की वर्षाच्या आत त्यांनी युवराज सुचवायचा आणि मजलिसने बहुमताने मान्य करायचा. नाही मान्य केला तर अमीर तीन नावं देणार, त्यांतलं एक मजलिस निवडणार.

आणि २००६ चा जानेवारी आठवा. अमीर शेख जाबेर गेले. युवराज शेख साद नियमाने अमीर झाले, पण तब्येत इतकी बिघडलेली की शपथेची वाक्यंही पुरी म्हणता येतील का, याची शंका. घराण्यात दोन तट. शेवटी १९६४ च्या वारसा कायद्याचा आधार घेऊन २४ जानेवारीला मजलिसने एकमताने त्यांना पदावरून दूर केलं आणि २९ तारखेला शेख सबाह अल-अहमद यांनी मजलिसपुढे शपथ घेतली. निवडून आलेल्या सभेने मत देऊन अमीर बदलला. आखातात दुसरीकडे असं घडलेलं मला आठवत नाही. आमच्या बाई त्या आठवड्याबद्दल बोलताना ताठ बसायच्या.

वकीलबुवा

ताई, धागा उत्तम. कोर्टांचं मी थोडं लिहितो. एका अशिलाच्या कामासाठी तिथले कायदे चाळावे लागले होते.

पहिला गैरसमज काढून टाका. ‘शेखांचं राज्य म्हणजे काझी आणि चाबूक’ असं कुवेतमध्ये नाही. घटनेचं कलम २ म्हणतं, शरिया हा कायद्याचा ‘एक मुख्य स्रोत’. ‘एकमेव’ नव्हे. त्या एका शब्दावर तिथे अर्धशतक वाद चाललाय. धार्मिक गटांच्या सभासदांनी कलम बदलायचे प्रयत्न केले, पण घटनादुरुस्तीला मजलिसची दोन तृतीयांश मतं आणि शिवाय अमीरांची मान्यता लागायची, त्यामुळे ते अडलं.

फौजदारी कायदा १९६० चा, दिवाणी संहिता १९८० ची. घडण इजिप्तमार्गे आलेली फ्रेंच पद्धतीची. इजिप्तचे थोर कायदेपंडित अब्द अल-रझ्झाक अल-सनहुरी यांनी १९६१ च्या कुवेती व्यापारी कायद्यावर काम केलं होतं. त्याआधी दिवाणी बाबींत ऑटोमन काळातली ‘मजल्ला’ नावाची कायदेसंहिता चालायची. शरिया थेट दिसते ती लग्न, तलाक, वारसा यांत. १९८४ चा ५१ नंबरचा कायदा मुख्यतः सुन्नींच्या मालिकी पंथावर बेतलेला. शिया जाफरींसाठी वेगळं खंडपीठ आधीपासून होतं, २०१९ मध्ये त्यांना स्वतःचा कायदाही मिळाला.

पायऱ्या तीन. खाली कुल्लिया (पहिलं कोर्ट), मग इस्तिनाफ (अपिलाचं), वर तम्यीज (सर्वात वरचं). आणि या सगळ्यांच्या बाजूला घटना न्यायालय, १९७३ च्या कायद्याने आलेलं. पाच कुवेती न्यायाधीश, न्यायमंडळाने गुप्त मतदानाने निवडलेले. खालच्या कोर्टांत बरेच न्यायाधीश इजिप्तचे असतात, करारावर आलेले. ज्याचा करार सरकार वाढवणार किंवा नाही वाढवणार, तो सरकारविरुद्ध निकाल देताना काय विचार करत असेल, हे आपलं मी फक्त विचारून ठेवतो.

अवांतर: १९२५ पासून कुवेतमधल्या ब्रिटिश प्रजेचे, म्हणजे आपल्या हिंदी व्यापाऱ्यांचेही, खटले ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या कोर्टात चालायचे, आणि तिथे हिंदुस्थानातले कायदे लागू होते. स्वातंत्र्याच्या तोंडावर कुवेतने घाईघाईने आपले कायदे लिहून काढले त्याचं हेही एक कारण. सगळ्यांचे खटले आपल्या कोर्टात घ्यायचे, तर आधी आपल्याकडे लिहिलेला कायदा हवा ना.

गोंयकार_फहाहील

नमस्कार मंडळी. मी अजून हांगाच असा, म्हणून अमीरांबद्दल एक अक्षर बोलणार नाही. त्यांच्यावर टीका केली तर थेट तुरुंग, कायदा तसाच आहे. बाकी सांगतो.

माझे आजोबा सांगायचे की त्यांना पगार रुपयांत मिळायचा. खरंच! आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या आणि १ एप्रिल १९६१ ला दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत होता.

आता कोर्ट. आम्हा परक्यांना मजलिस म्हणजे फक्त निवडणुकीचे तंबू आणि एक सुट्टी. आपला संबंध ‘शूऊन’शी, म्हणजे कामगार खात्याशी. माझी आधीची कंपनी, नाव नको, तिने सोडताना हिशेब द्यायला टाळाटाळ केली. अकरा वर्षांची नोकरी. २०१० च्या कायद्याने पहिल्या पाच वर्षांचे वर्षाला पंधरा दिवसांचे पैसे आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक महिना. कंपनीचा मंदूब (सरकारी कचेऱ्यांतली कामं बघणारा माणूस) म्हणतो, अर्धं घे आणि सही कर.

मी नाही केली. शूऊनमध्ये तक्रार टाकली. त्यांनी महिनाभर समेटाचा प्रयत्न करायचा, नाही जमला तर फाईल कोर्टात. कामगाराला कोर्ट फी नाही, ही चांगली गोष्ट. सगळं काम अरबीत, ही वाईट. कोर्टाने माझी फाईल ‘खुबरा’कडे पाठवली, म्हणजे न्याय खात्याच्या हिशेबतज्ज्ञांकडे. तिथला माणूस तुमचा पगार, रजा, दिवस सगळं मोजून अहवाल देतो आणि निकाल बहुतेक वेळा त्या अहवालावरच बेततात. म्हणून सांगतो, पगाराच्या पावत्या जपून ठेवा! मी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. खालच्या कोर्टात जिंकलो, कंपनी अपिलात गेली, तिथेही जिंकलो. दीड वर्ष लागलं. पैसे आले.

नोकरी सुटल्यापासून एका वर्षात तक्रार केली नाही तर हक्क गेला, हे मात्र ध्यानात ठेवा. खूप मल्याळी, गोंयकार, आपली कोकणातली पोरं ‘पुढच्या महिन्यात देतो’वर विसंबून वर्ष घालवतात.

चिंगी_७९

गोंयकारदादा, बिस्किटांचा डबा!! आमच्याकडे त्यात सुई-दोरा निघतो.

प्रश्न असा: नवरा-बायको दोघे भारतीय, भांडण कुवेतमध्ये. तर कायदा कुठला?

वकीलबुवा

१९६१ चा ५ नंबरचा कायदा परकीयांच्या प्रकरणांसाठी आहे. त्यात साधारणपणे नवऱ्याच्या देशाचा कायदा धरतात, वारशाला मयताच्या देशाचा. म्हणजे कुवेती न्यायाधीश आपला हिंदू विवाह कायदा अरबी भाषांतरात वाचतोय असं दृश्य तत्त्वतः शक्य आहे. प्रत्यक्षात बहुतेक लोक भारतात येऊनच करतात. तेच शहाणपणाचं.

मी_शंकेखोर

वकीलबुवा, कोर्ट खरंच सरकारविरुद्ध जातं का? की अध्येमध्ये शोभेसाठी?

साल्मियाकर

याचं उत्तर मी देते, कारण यातली दोन प्रकरणं मी तिथे असताना घडली.

२०१२ ची फेब्रुवारी. निवडणुकीत विरोधकांनी ५० पैकी ३४ च्या आसपास जागा मारल्या. त्याआधी नोव्हेंबर २०११ मध्ये लोक मजलिसच्या इमारतीत घुसले होते, पंतप्रधानांना जावं लागलं होतं, सगळं गाव तापलेलं. आणि २० जूनला घटना न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. कारण काय, तर आधीची मजलिस बरखास्त करताना पद्धत चुकली. भांडण जुन्या मंत्रिमंडळाशी आणि बरखास्तीची शिफारस नव्या मंत्रिमंडळाची. म्हणून बरखास्ती बेकायदा, म्हणून निवडणूक बेकायदा, म्हणून २००९ ची मजलिस परत जिवंत. ती भरेना, कारण कोरमच होईना. ऑक्टोबरात अमीरांनी तिला बरखास्त केलं आणि वटहुकूम काढून मतदाराची चार मतं काढून एकच ठेवलं. (तेव्हा पाच मतदारसंघ, प्रत्येकात दहा जागा. चार मतांत गट बांधता येतात, एका मतात टोळी आणि पैसा. विरोधकांची तक्रार हीच.) डिसेंबरात बहिष्कारात निवडणूक झाली. २०१३ च्या जूनमध्ये कोर्टाने तीही रद्द केली! पण एका मताचा वटहुकूम मात्र वैध धरला. म्हणजे सरकारची निवडणूक रद्द, सरकारची पद्धत कायम. आता हे कोर्ट सरकारविरुद्ध गेलं की सरकारच्या बाजूने, सांगा तुम्हीच.

आणि १९ मार्च २०२३ ला तिसऱ्यांदा तेच. सप्टेंबर २०२२ ची निवडणूक रद्द, २०२० ची मजलिस परत खुर्चीवर. आमच्या ऑफिसात तेव्हा चहाच्या मशिनपाशी पैज लागायची की या आठवड्यात कुठली मजलिस चालू आहे.

वकीलबुवा

ताईंनी नेमकं दाखवलं. मी दुसरी बाजू जोडतो, म्हणजे कोर्ट फक्त तांत्रिक खोडी काढतं असं वाटायला नको.

१. २००९: कायद्यात लिहिलं होतं की मतदार आणि उमेदवार बाईने शरियाचे नियम पाळावेत. त्यावरून हिजाब न घालणाऱ्या दोन महिला सभासदांविरुद्ध अर्ज गेला. कोर्ट म्हणालं, कायद्यात नेमका नियम नाही, अर्ज फेटाळला. त्याच महिन्यात, पासपोर्टसाठी बायकोला नवऱ्याची परवानगी लागणार नाही, असाही निकाल दिला.
२. २०१७: २०१५ च्या मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर मजलिसने सगळ्यांची डीएनए चाचणी सक्तीची केली होती. कोर्टाने तो कायदा खासगीपणाच्या हक्कावर रद्द केला. लक्षात घ्या, हा कायदा निवडून आलेल्या सभेने केला होता आणि वाचवलं कोर्टाने.
३. २०१८: दोन सभासदांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तरी मजलिसने आपल्या नियमांचा आधार घेऊन त्यांची सभासदत्वं टिकवली. कोर्टाने तो नियमच रद्द केला.

आणि २०१४ पासून सामान्य माणूसही अनामत भरून थेट घटना न्यायालयात कायद्याला आव्हान देऊ शकतो. आधी फक्त मजलिस, मंत्रिमंडळ किंवा खालचं कोर्ट प्रकरण पाठवू शकायचं.

पण एक दार बंदच आहे. प्रशासकीय खटल्यांच्या १९८१ च्या कायद्यात नागरिकत्व आणि परदेशी माणसाची हद्दपारी या बाबी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवल्यात. ‘सार्वभौम कृती’ म्हणतात त्याला. २०२४ पासून हजारो लोकांचं कुवेती नागरिकत्व काढून घेतलं गेलंय, त्यात लग्न करून कुवेती झालेल्या बायका खूप. ती बाई न्यायाधीशासमोर उभीच राहू शकत नाही. बिस्किटांच्या डब्यात पावत्या असल्या काय नि नसल्या काय.

गोंयकार_फहाहील

हद्दपारीचं खरं आहे. हिशेबासाठी मी कोर्टात जाऊ शकलो, पण पोलिसांनी उद्या ‘प्रशासकीय’ म्हणून विमानात बसवलं तर कोर्ट नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं.

उनाड_बैल

मी उलटं बोलतो, चिडू नका. मजलिस बंद झाली ते बरंच झालं की! दुबई-कतार कुठे पोचले, आणि कुवेतवाले इस्तिज्वाब-इस्तिज्वाब खेळत बसले. २००८ चा डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीबरोबरचा करार आठवतो? मजलिसने आरडाओरडा केला, सरकारने करार मोडला, लवादाने दोन अब्ज डॉलरांहून जास्त दंड ठोकला. असली लोकशाही काय चाटायचीय?

साल्मियाकर

चिडत नाही, कारण हा मुद्दा मी तिथल्या कुवेती लोकांकडूनही ऐकलाय. कर्जाचा कायदा घ्या. सरकारला कर्ज उभारायची परवानगी २०१७ मध्ये संपली आणि मजलिसने नवी दिलीच नाही, वर्षानुवर्षं. मजलिस गेल्यावर २०२५ मध्ये वटहुकुमाने तीस अब्ज दिनारपर्यंतची मुभा मिळाली. तुमचं म्हणणं त्या बाबतीत खरंच आहे.

याहून अवघड उदाहरण मीच देते. फौजदारी कायद्यात १५३ कलम होतं. बायकोला, मुलीला, बहिणीला किंवा आईला परपुरुषाबरोबर पाहून मारणाऱ्याला नाममात्र शिक्षा. तिथल्या बायका त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडत होत्या. मजलिसमध्ये ते हललं नाही. २०२५ मध्ये वटहुकुमाने गेलं. लग्नाचं वयही अठरा झालं, तसंच.

आणि बायकांच्या मताची गोष्ट तर याची आजीच. १९९९ मध्ये मजलिस बरखास्त असताना अमीर शेख जाबेर यांनी बायकांना मताचा हक्क देणारा वटहुकूम काढला. नवी मजलिस निवडून आली आणि तिने तो फेटाळला. मग सभासदांनी तोच प्रस्ताव विधेयक म्हणून आणला, तोही ३२ विरुद्ध ३० नी पडला. शेवटी १६ मे २००५ ला ३५ विरुद्ध २३ नी मंजूर झाला, तेव्हा मंत्र्यांची मतं कामी आली. वर मी ज्या एकगठ्ठा सरकारी मतांना नावं ठेवली ना, तीच. २००६ मध्ये एकही बाई निवडून आली नाही, २००९ मध्ये एकदम चार.

मी हे आमच्या बाईंना विचारलं होतं, की मग तुम्हाला मजलिस का हवी? त्या म्हणाल्या, अमीरांनी दिलेलं अमीर परत घेऊ शकतात. मजलिसमध्ये हरले तर पुढच्या वेळी त्याच माणसाला माझ्या दारात यावं लागतं. बैलोबा, तुम्हाला पटेलच असं नाही. मलाही तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं. पण नागरिकत्वाबद्दल वकीलबुवांनी लिहिलंय ते वाचल्यावर त्यांचं ते वाक्य आठवलं. मजलिस चालू असती तर या प्रकरणावर गृहमंत्र्यांना इस्तिज्वाबला उभं केलं असतं, एवढं मी पैजेवर सांगते.

डाऊचा करार मोडला सरकारनेच, बरं का. इस्तिज्वाबच्या धमकीने घाबरून.

उनाड_बैल

घाबरणारं सरकार आणि घाबरवणारी मजलिस. एकूण एकच. असो, दिवानियाबद्दल लिहा की. तिकडेच खरं राजकारण चालतं म्हणतात.

साल्मियाकर

मी बाई माणूस, बायकांच्या बैठका वेगळ्या असतात. नवरा दोनदा गेला होता, त्याने सांगितलेलं सांगते. घराला लागून लांबट खोली, भिंतीकडेने गाद्या किंवा सोफे, येणारा प्रत्येकाशी हात मिळवत पूर्ण फेरी मारतो, चहा, वेलदोड्याची कॉफी, आणि मग गप्पा. पक्ष नाहीत, म्हणून पक्षाचं ऑफिसही हेच, प्रचारसभाही हीच. १९८६ मध्ये मजलिस बरखास्त करून घटनेची कलमं तहकूब केली होती, तेव्हा १९८९ च्या हिवाळ्यात ‘सोमवारच्या दिवानिया’ सुरू झाल्या. दर सोमवारी कुणा एका माजी सभासदाकडे गर्दी जमायची, मागणी एकच, घटना परत आणा. पोलिसांनी बंदोबस्त लावला. मग सद्दामची स्वारी झाली. ऑक्टोबर १९९० मध्ये जेद्दाच्या परिषदेत निर्वासित राजघराण्याने सगळ्यांसमोर १९६२ ची घटना परत आणायचं कबूल केलं आणि १९९२ मध्ये निवडणूक झाली.

१९७६ ला एकदा, १९८६ ला एकदा, आता तिसऱ्यांदा. मधल्या बरखास्त्यांनंतर घटनेप्रमाणे दोन महिन्यांत निवडणूक झाली. या तीन मात्र ते कलम बाजूला ठेवून.

बोकोबा

आणि ती इमारत? सिडनी ऑपेरावाल्याचीच ना?

साल्मियाकर

हो, योर्न उत्झोन. समुद्राकडच्या बाजूला काँक्रीटचं छत असं लोंबतं सोडलंय की वाऱ्याने फुगलेलं तंबूचं कापड वाटावं. १९९१ मध्ये पळताना इराकी सैन्याने आग लावली होती, पुन्हा दुरुस्त केली. गल्फ रोडवरून जाताना दिसते. आता आत कुणी बसत नाही.

मी_शंकेखोर

शेवटची शंका, वचन देतो. १० मे २०२४ ला बरखास्ती झाली ती कुठल्या मजलिसची? त्याच्या महिनाभर आधीच तर निवडणूक झाली होती ना?

साल्मियाकर

तिचीच. फेब्रुवारीत आधीची मजलिस बरखास्त, ४ एप्रिलला मतदान, ५० निवडून आले, त्यात एक बाई. पहिली बैठक पुढे ढकलत १४ मे ठरली होती. १० तारखेला रात्री टीव्हीवर अमीर शेख मिशाल यांचं भाषण झालं: मजलिस बरखास्त, घटनेची काही कलमं तहकूब, मुदत जास्तीत जास्त चार वर्षं, मजलिसचे अधिकार अमीर आणि मंत्रिमंडळाकडे. तहकूब कलमांत १०७ आहे, दोन महिन्यांत निवडणूक घ्या म्हणणारं. ७९ पण आहे, मजलिसच्या मंजुरीशिवाय कायदा होत नाही म्हणणारं.

घटनेप्रमाणे सभासदाने मजलिसमध्ये उघड बैठकीत शपथ घेतल्यावरच काम सुरू होतं. त्या पन्नासांची शपथ झालीच नाही.